नायट्रोजनला वास नसतो

४ डिसेंबर २०२४
प्रक्षेपण केंद्र, अतिथीगृह

आई,

माझा फोन तुम्ही उचलत नाही. बाबांच्या नंबरवर केला तर मागून तुमचा आवाज येतो, "ठेवा तो." म्हणून हे पत्र. पोस्टात अजून दाजीच असेल तर तो तुमच्याच हातात देईल. फाडायचं झालं तर निदान वाचून फाडा.

दुर्बीण परवा इथे आली. बेंगळुरूहून रस्त्याने, इतकी हळू की बाजूने म्हातारा माणूससुद्धा चालत पुढे गेला असता. तिचं नाव घरात काढलेलं तुम्हाला चालत नाही, ठाऊक आहे मला. पण गौरजा विचारत असेल, आई कुठे आहे. तिला काहीतरी खरं सांगायला हवं ना? सांगा, की आईची दुर्बीण आता आकाशात जायची आहे. जमिनीवरून दिसत नाही असा ताऱ्यांचा उजेड ती वरून बघणार आहे. ती चालू झाली की आई येईल.

विनीतच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुर्बिणीच्या कामावर परत निघाले. तुम्ही अंगणात उभ्या होतात. म्हणालात, "त्या डब्यान माजो झिल खाल्ल्यान, आणि तू परत थंयच चललंस?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं ते असं, की आरसा किती गरम ठेवायचा, कधी गार होऊ द्यायचा, हे काम गेली सात वर्षं माझं आहे आणि ते मधेच कुणाच्या हातात देता येत नाही. दुसरं असं, की विनीतचे शर्ट दांडीवर होते त्या घरात मला राहवत नव्हतं. हे दुसरं जास्त खरं आहे. गौरजाला दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून तुमच्याकडे ठेवलं. तुम्ही जूनमध्ये तिचं नाव जामसंड्याच्या शाळेत घातलंत. मला विचारलं नाहीत. मीही भांडले नाही.

तुम्ही बाबांना पुन्हा पुन्हा विचारता म्हणे, की त्याला त्रास किती झाला. म्हणून आधी सांगितलं तेच परत लिहिते. आरशाला दमट हवा लागू नये म्हणून दुर्बीण एका बंद खोलीत ठेवतात आणि त्या खोलीत नायट्रोजन सोडलेला असतो. माणूस आत जाणार असेल तर नायट्रोजन बंद करून आधी साधी हवा भरतात. त्या दिवशी एक नळी बंद केली, दुसरी चालूच राहिली. प्राणवायू कमी झाला की वाजणारी घंटा होती, पण ती उगाच वाजते म्हणून कुणीतरी काढून ठेवली होती. विनीत आत गेला, खाली वाकला आणि पडला. नायट्रोजनला वास नसतो, आई. घुसमटल्यासारखंही होत नाही. झोप लागावी तसं होतं. त्याला काही कळलं नाही. मी धावत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

बाबांना सांगा, विडी सोडा.

अनुजा


१५ जानेवारी २०२५
बेंगळुरू

आई,

दुर्बीण गेली. रॉकेट वर गेलं तेव्हा मी बाहेर नव्हते, आत पडद्यापुढे आकडे बघत बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यावरून कळलं. कुणीतरी पेढा आणून हातात ठेवला. तो मी रुमालात बांधला आणि नंतर तसाच टाकून दिला.

काल बाबांचा फोन आला. बंदरावरून केला होता, मागे लाँचच्या इंजिनाचा आवाज होता. तुमच्यापासून लपून केला हे तुम्हाला सांगू नको म्हणाले, पण लपवालपवी आता पुरे. छातीत दुखतं म्हणून कोल्हापूरला दाखवलं, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, हे मला त्यांच्याकडून कळावं? तुम्ही एक ओळ कळवली असतीत तर मी आले असते.

मग ते म्हणाले, "अनुजा, बाबलीचो झिल काय सांगत होतो ता खरा काय गो?"

तुमच्या वाडीतल्या बाबलीचा मुलगा आमच्याच संस्थेत कँटीनच्या ठेकेदाराकडे आहे, हे मी विसरलेच होते. तो गणपतीत गावी येऊन सांगून गेला, की आरसा खराब होईल म्हणून साहेबलोकांनी दार उघडलं नाही, आणि तुमची सून तिथेच काचेबाहेर उभी होती. तुम्ही चार महिने हे मनात ठेवलंत. आता मला कळतं, माझा फोन का उचलत नाही ते.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी धावत वगैरे पोचले नाही. मी तिथेच होते, काचेबाहेर. एवढं खरं आहे.

बाबलीच्या मुलाने यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्या वेळी तो कँटीनमध्ये होता. याहून जास्त मी आज लिहिणार नाही. बाबांनाही फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, ऑपरेशन होऊ दे, मग बोलू." ते म्हणाले, "बरां." पण लगेच फोन ठेवला नाही. इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

अनुजा


९ फेब्रुवारी २०२५
वैभववाडी

आई,

काल तुमच्याकडून निघाले ती माहेरी आले. उद्या बेंगळुरूची गाडी आहे. समोर असताना जमलं नाही ते लिहून जमतं का बघते.

वर्षश्राद्धाला मला बोलावलं नव्हतंत, तरी मी आले. सून आहे म्हणून नाही, त्याची बायको म्हणून. तळेऱ्याला गाडी बदलून पोचले. तुम्ही पडवीत केळीची पानं पुसत बसला होतात. वर बघून म्हणालात, "इलंस? जेव आणि जा." शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

गौरजा दाराआड होती. मी हात पुढे केला तर तिने तुमचा पदर धरला. वर्षभरात ती किती उंच झाली! आणि मालवणी तर माझ्याहून छान बोलते. बऱ्याच वेळाने जवळ आली आणि विचारलं, "मम्मी, तू आता रवतलंस?" मी उत्तर देण्याआधी तुम्हीच म्हणालात, "तिका काम आसा." तिने मान हलवली. ते ऐकायची तिला सवय झाली आहे असं मला वाटलं.

पिंडाला कावळा लगेच शिवला. बाबा म्हणाले, "बघ, तेका कसली घाई." सगळे हसले, मग पानं वाढायला उठले.

जेवणं झाल्यावर मी भांडी उचलायला स्वयंपाकघरात आले तेव्हा तुम्ही दार लोटून घेतलंत. "माका इतक्याच सांग," तुम्ही म्हणालात. "तू थंय उबी होतंस?"

"होतंय."

"तो पडललो ता तुका दिसत होता?"

"दिसत होता."

"मगे?"

मी काही बोलले नाही. तुम्ही वाट बघितलीत. मग म्हणालात, "मगे झाला तर," आणि पातेलं घासायला घेतलंत.

मी का बोलले नाही ते लिहिते. पलीकडच्या खोलीत बाबा आडवे झाले होते. मधल्या भिंतीला वरती कौलापर्यंत फट आहे, तिथला शब्दन्‌शब्द इकडे ऐकू येतो आणि इकडचा तिकडे. त्यांच्या छातीचे टाके निघून आठवडाही झाला नव्हता. मी जे सांगितलं असतं ते त्यांनी ऐकायला नको होतं. त्यांनी कधीच ऐकायला नको आहे. तुम्हीसुद्धा ऐकू नये असंच मी वर्षभर ठरवलं होतं, म्हणून तुमच्या नजरेत मी जी काही झाले आहे ती होऊ दिली.

एवढं लिहून मी थांबते. हे पत्र टाकू की नको याचा विचार स्टेशनवर करीन.

अनुजा


२ मे २०२५
बेंगळुरू

आई,

तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत, पण पत्र परतही आलं नाही. तेवढ्यावर हे लिहिते.

दुर्बिणीच्या तोंडावर झाकण असतं. वर गेल्यावर ते लगेच उघडत नाहीत. दुर्बिणीच्या अंगात रंगाचे, डिंकाचे, वायरींच्या वेष्टनाचे वास अडकलेले असतात, ते आधी अवकाशात निघून जाऊ द्यायचे. नाहीतर आपण पेजेवर झाकण ठेवल्यावर त्याला आतून वाफ धरते तसे ते आरशावर धरतात. म्हणून आरसा आजूबाजूच्या भागांपेक्षा थोडा गरम ठेवायचा. हेच माझं काम. मार्चमध्ये एका दुपारी दुर्बीण आपल्या देशावरून जात होती तेव्हा आम्ही झाकण उघडायची आज्ञा पाठवली. उघडलं. एक तारा ठरवून ठेवला होता. तिकडे तोंड केलं. पडद्यावर तारा आला, अगदी बारीक ठिपका, कुठे फाटलेला नाही की पसरलेला नाही. तो आरसा विनीतच्या पाळीतल्या माणसांनी बसवला होता. मला वाटलं, एवढं तरी झालं.

मग उजेड मोजला. हवा होता त्याच्या निम्माही नव्हता.

आम्हाला वाटलं, वाफ धरली असेल. मी पाच आठवडे आरसा तापवत ठेवला. रोज तोच तारा बघायचा, रोज तोच आकडा. वाफ असती तर गेली असती. हे आरशाच्या मुलाम्यालाच लागलेलं आहे. दमट हवेचं काम. ते आता निघणार नाही आणि वर जाऊन कुणी आरसा पुसूही शकत नाही. ज्या फिक्या ताऱ्यांसाठी ही दुर्बीण बांधली ते तिला दिसणार नाहीत. उजळ तेवढे दिसतील. आमच्याकडे एक मुलगी आहे, समीक्षा. तिच्या पीएचडीचे तारे त्या फिक्यांतले. ती आकडा बघून उठली आणि जिन्यात जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले.

कारण सगळ्यांना माहीत आहे. विनीत गेला त्या दिवशी दुर्बिणीच्या खोलीची भिंत उघडली गेली. मग पंचनाम्यासाठी ती दोन दिवस तशीच राहिली. पोलीस आले, स्ट्रेचरवाले आले, बूट घालून, डोक्याला तेल लावून. जिथे आम्ही केसाची बटही बाहेर राहू देत नाही तिथे. नंतर साफसफाई झाली, चाचण्या झाल्या, थोडा दोष दिसला होता, पण चालेल असं ठरलं. चाललं नाही.

आता दुसरी समिती नेमली आहे. पहिलीला विचारायचं होतं, माणूस कसा मेला. दुसरीला विचारायचं आहे, दुर्बीण कशाने अधू झाली. तीस जूनला मला बोलावलं आहे. त्यांचा पहिला प्रश्न काय असणार ते मला आमच्या प्रमुखांनीच सांगितलं: भिंत कुणाच्या परवानगीने उघडली?

मला एकटीला त्यांनी खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, "अनुजा, तू त्या वेळी भानावर नव्हतीस एवढंच म्हण. बायको होतीस त्याची. कोणी तुला दोष देणार नाही."

भिंत मी उघडली होती, आई.

बाकीचं पुढे लिहीन. बाबांना हे वाचून दाखवू नका.

अनुजा


११ जून २०२५
बेंगळुरू

आई,

हे पत्र एकटं असताना वाचा. बाबा जवळपास असतील तर आत्ता घडी घाला.

त्या दिवशी जेवणानंतर विनीत आत गेला. आरशामागे एका वायरीचं वेष्टन सैल झालं होतं, ते बांधायला. आरशावरचं आवरण त्यासाठीच काढलेलं होतं. मी काचेबाहेर माझ्या पडद्यापुढे बसले होते. मधूनमधून त्याची पाठ दिसायची. मग दिसेना. वाकला असेल असं वाटलं. मग बघते तर त्याचे पाय आडवे.

मी ओरडले. रश्मी धावत आली. सुरक्षा तिच्याकडे असते. प्रमुखही आले. आमच्याकडे नियम असा आहे, की आत कुणी पडलं तर पाठीला श्वासाचा सिलिंडर लावल्याशिवाय दुसऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. नियम बरोबर आहे. तसाच आत गेलेला माणूस पहिल्याच्या अंगावर कोसळतो, असं जगभर झालेलं आहे. पण आमच्या इमारतीतले सिलिंडर तपासणीला गेले होते. पलीकडच्या इमारतीतून आणायला एक जण धावला.

त्या खोलीची एक अख्खी भिंत मोटरने वर सरकते. क्रेनने दुर्बीण बाहेर काढायची असते तेव्हा उघडतात. ती उघडली की नायट्रोजन बाहेर निघून जातो, कुणाला मरायला आत जावं लागत नाही. मी म्हटलं, "भिंत उघडा." प्रमुख म्हणाले, "आरसा उघडा आहे. सिलिंडर येतोच आहे. थांब."

आणि मी थांबले.

हे मी तुमच्यापासून लपवलं, आई. भिंत उघडली हे नाही, थांबले हे. कारण तो आरसा म्हणजे काय हे मलाही ठाऊक होतं. सात वर्षं. त्यातली चार विनीतची. तो रोज घरी येऊन त्याच्याबद्दल बोलायचा, गौरजापेक्षाही आमच्या घरात तो आरसाच जास्त होता म्हणा. मला वाटलं, सिलिंडर आत्ता येईल, विनीतला बाहेर काढू, आरसाही राहील. दोन्ही वाचेल असं वाटलं. किती वेळ मी तशी उभी होते ते मला सांगता येत नाही. रश्मी वेगळं सांगते, प्रमुख वेगळं. मला तर आता असं वाटतं, मी अजून तिथेच आहे.

मग त्याचा हात हलला.

फरशीवर काही सांडलं असेल आणि ते बोटांनी गोळा करावं तसा. दोनदा. मी पाहिला. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही, ते सगळे जिन्याकडे बघत होते. मी नायट्रोजनची मोठी चावी बंद केली आणि भिंतीचं बटण दाबलं. कुणी मला धरलं नाही. प्रमुखांनी नुसतं माझं नाव घेतलं. ती भिंत फार हळू वर जाते, आई. घाई करता येत नाही तिला. हातभर फट झाली तशी मी खालून सरपटत गेले आणि त्याच्या पायांना धरून ओढलं. तोपर्यंत सिलिंडरवाला आलाच. आम्ही त्याला बाहेर घेतलं, छाती दाबली, तोंडाने हवा भरली. मी भरली. तो उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, हात हलला म्हणजे जीव होता असं नाही, शरीर शेवटी आपोआप तसं करतं. हे खरं होतं की माझी दया येऊन ते तसं म्हणाले, मला कळलं नाही. मी त्यांना परत विचारलं नाही.

तुम्हाला मी सांगितलं, त्याला काही कळलं नाही. तसंच असेल. पण थांबलो नसतो तर तो आज असता का, हे मला माहीत नाही, आणि ते कुणालाच कधी कळणार नाही. तुम्ही विचारलंत, "मगे?" मी भिंत उघडली असं म्हणाले असते, तर तुम्ही पुढचं विचारलं असतंत, की मग इतका वेळ का लागला. म्हणून मी वर्षभर तोंड उघडलं नाही. पोराने जीव सोडला तेव्हा माणसं आरसा वाचवत होती, हे कुठल्या आईला सांगावं?

पहिल्या समितीने फक्त नळीचं आणि घंटेचं विचारलं. थांबल्याचं कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. आता विचारणार. मी जर म्हटलं, की भानावर नव्हते, तर कागदावर येईल: तंत्रज्ञ आधीच मृत होता, बायकोने भावनेच्या भरात भिंत उघडली, दुर्बीण अधू झाली. प्रमुख वाईट नाहीत. वर्षभरात त्यांचे केस सगळे पिकले. माझ्याशी बोलताना काचेकडे बघत नाहीत. पण त्यांनाही तेच ऐकायचं आहे. आणि मी खरं सांगितलं, तर पेपरात येईल, टीव्हीवर येईल, माईक घेऊन माणसं जामसंड्याला तुमच्या अंगणात उभी राहतील.

म्हणून तुम्हाला आधी विचारते. पुढच्या दुर्बिणीचं काम त्याच खोलीत सुरू झालं आहे. विनीतच्या जागेवर सिद्धेश म्हणून कुडाळचा एक जण आला आहे. सिलिंडर अजून पलीकडच्याच इमारतीत आहेत, मी बघून आले. सांगावं असं मला वाटतं. पण मुलगा तुमचा. तुम्ही नको म्हणालात तर मी भानावर नव्हते असंच सांगीन आणि नोकरी सोडीन.

तीस तारखेच्या आत कळवा. फोन केलात तरी चालेल. नुसती रिंग देऊन ठेवलात तरी सांग म्हणालात असं मी समजेन.

अनुजा


बुधवार, १८ जून
जामसंडे

अनुजा,

पत्र गावला. दाजीन माज्याच हातात दिल्यान. ह्या काय कोणाकडसून लिवन घेवच्यासारख्या नाय, म्हणान मीच लिवतंय. शाळा सातवीपर्यंत, चुकला तर समजान घे.

मी ता मागल्या दारी बसान वाचलंय. परत वाचलंय. मगे चुलीत घातलंय.

बाबलीच्या झिलान अर्ध्याच सांगल्यान. त्या अर्ध्यार मी वरीस काढलंय. तू इलंस तेवा तुका पानार नीट वाढलंय पण नाय. आता सगळा कळला तर वाटता, अर्ध्याच बरा होता.

तुका माफ केलंय असा मी लिवणय नाय. ता माका अजून येणा नाय. तू थांबलंस त्येचो माका राग येता. मगे वाटता, मी थंय आसतंय आणि सगळे मोठे मोठे साहेब थांब म्हणतत, तर मी काय केलंय आसतंय? माका ठावक नाय. आणि तू मगे सरपटत गेलंस. ता पण माका दिसता. दोनय दिसतत.

तू थंय सांग. सगळा सांग. भानार नव्हतंय म्हणा नको. तू भानार होतंस. कुडाळच्या त्या झिलाक पण माज्यासारकी आवस आसतली.

हंयची काळजी करू नको. टीव्हीची वायर मी आतसून तोडलंय आणि बिघाडलो म्हणान सांगलंय. पेपर बंद केलंय. बाबलीच्या घराकडे जावन इलंय. ह्यांच्या कानार काय घातल्यात तर माज्या खळ्यात पाय ठेवचो नाय, असा सांगलंय. माईकवाले इले तर मी बघतंय. ह्यांका थांबल्याचा कळला तर कळांदे, ते पुरुष मानूस, संस्थेक गाळी घालतीत आणि गप रवतीत. पण हात हललो ता ह्यांका कळता नये. ते त्येका ल्हान आसताना लाँचच्या इंजिनार बसवन हात धरून शिकवीत. ते रवचे नाय. ता तुज्या माज्यातच रवांदे.

चेडवाक, गौरजाक, तुज्यावांगडा धाडू काय नको, ता मी ठरवूक नाय. शाळेत ता आता रमला. पण परवा पाटयेर दुर्बीण काडल्यान आणि माका म्हणता, आये, ह्येच्यात मम्मी खंय बसता? ता तेका तूच सांग. तुजा थंयचा काम झाला की ये. रजा घेवन ये, चार दीस नाय, बरे दीस रव.

एक तू लिवक नाय. हात खंयचो हललो, उजवो काय डावो? इलंस की माका सांग. कागदार नको.

आई